पप्पांचा अर्धा गज

भूतबित, आत्माबित्मा मी मानत नाही, आधीच सांगून ठेवते. आमच्या बौद्ध घरात नवस, अंगारे, उतारे काही चालत नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच लाज वाटतेय... पण झालं ते झालं.

मीरा रोडला हाटकेशमध्ये चौथ्या मजल्यावर मी आणि आई राहतो. मी कॉम्प्युटरवर संगीत करते. सॉफ्टवेअरमध्ये व्हायोलिनचे सूर भरलेले असतात. कॉम्प्युटरला जोडलेल्या, पेटीसारख्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर अगदी डावीकडच्या पट्ट्या वाजत नाहीत. त्या दाबल्या की तारांवर गज, म्हणजे व्हायोलिनची काठी, कसा फिरणार ते ठरतं – लांब ओढायचा, तोडायचा की झटका द्यायचा.

एका नाटकाचं पहिलंच मोठं काम मिळालं होतं. दिग्दर्शक सरांनी दोनदा परत पाठवलं. "मॅडम, व्हायोलिनमध्ये जीवच नाहीये. आज पाचपर्यंत द्या, नाहीतर मी दुसऱ्याला सांगतोय."

पप्पांना जाऊन दोन वर्षं झाली. ते गायन पार्टीत व्हायोलिन वाजवायचे. स्टेज एवढंसं, शेजारी ढोलकीवाले काका खेटून. गज पूर्ण ओढला की थेट काकांच्या कानात! म्हणून पप्पा लांब सूर दोन तुकड्यांत वाजवायचे, आणि दुसऱ्या तुकड्याला कचकन झटका. सवयच लागली, घरी मोकळ्या हॉलमध्येसुद्धा तसंच. मी क्लास लावल्यावर शहाणपणा केला – "पप्पा, हे चूक आहे." त्यानंतर त्यांनी माझ्यासमोर कधी वाजवलं नाही. ते मला अजून टोचतं.

तर त्या दुपारी तीन वाजता खाली उत्तनची मासेवाली मावशी आली. आईचे गुडघे दुखतात, म्हणून धून स्पीकरवर तशीच चालू ठेवून मीच गेले. दहा मिनिटांत बोंबील घेऊन वर आले, तर आई हॉलमध्ये उभी. हात पिठाने माखलेले, डोळे भरलेले.

"पप्पांची कॅसेट कुठं सापडली गं तुला?"

"कसली कॅसेट? आपल्याकडे त्यांचं एकही रेकॉर्डिंग नाहीये."

"मग हे कोण वाजवतंय?"

स्पीकरवर माझीच धून चालू होती. माझीच... पण प्रत्येक लांब सूर मधोमध तोडलेला, आणि दुसऱ्या तुकड्याला झटका! मी सगळीकडे लांब गज ठेवला होता; स्क्रीनवर आता झटक्यांच्या खुणा ओळीने भरलेल्या. आईला माऊससुद्धा धरता येत नाही, आणि कीबोर्डवर पिठाचा कण नव्हता. अनडूची यादी पाहिली, तर शेवटचा बदल मीच खाली जाण्याआधी केलेला; या खुणांची नोंदच नाही!

घाबरले का? छे! इतका आनंद झाला की रडूच फुटलं. एकही खूण न हलवता पाठवून दिलं.

वीस मिनिटांत फोन. "अहो मॅडम, हा माणूस इतके दिवस कुठे लपवला होतात? आहे कोण?"

"माझे वडील," मी बोलून गेले.

पहिल्या प्रयोगाला आई निळी साडी नेसून पुढच्या रांगेत बसली होती. शेवटी माईकवर नावं घेतली – "व्हायोलिन, सुखदेव..." पप्पांचं नाव ऐकताच आई गुडघे विसरून ताडकन उठली आणि टाळ्या वाजवायला लागली. मग अख्खं थिएटर उठलं.

शेजारच्या इंजिनिअरने कॉम्प्युटर तपासून सांगितलं, "दीदी, कुछ कॉपी-पेस्ट हो गया होगा." असेल बाबा. पण जे कुठेच नव्हतं ते कॉपी कुठून झालं? मला अजून कळलेलं नाही.

तसं पुन्हा कधी झालं नाही. आता मीच प्रत्येक कामात एखादा सूर मधोमध तोडते, झटका लावते. मग स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अजून जोरात दे गं! तुझे पप्पा असे घाबरत नव्हते."