जवसाचं तेल

माझ्या मोटरसायकलचा ब्रेक तीन महिने किंचाळत होता. मोहाडीच्या मिस्त्रीने पहिल्याच दिवशी सांगितलं, ड्रममध्ये धूळ बसली आहे. चाक खोलून पुसायचं, ब्रेक शूवर पॉलिश पेपर फिरवायचा, तासाभराचं काम. मी म्हटलं, पुढच्या बाजाराला. आजचं काम उद्यावर ढकलण्यात मला कोणी हरवू शकत नाही. घरी मात्र रोज त्या आवाजाच्या नावाने बोटं मोडायचो. चौकातली माणसं विचारायची, डुकराचं पिल्लू घेऊन चालला का? तेही मी जेवताना बाबांना ऐकवायचो.

बाबांनी उभा जन्म बैलबंडी हाकली. कणा कुरकुरला की वंगण घालायचं, एवढं यंत्रशास्त्र त्यांना आयुष्यभर पुरलं. आपल्या बंडीचा आवाज गावात कधी कोणी ऐकला नाही, याचा त्यांना भारी अभिमान.

अशाच एका बाजाराच्या सकाळी मी अंघोळीला गेलो असताना त्यांनी स्वयंपाकघरातून जवसाच्या तेलाची बाटली उचलली आणि दोन्ही चाकांच्या ड्रममध्ये फटीतून तेल सोडलं. मला सांगितलं नाही. माझं मीच ओळखून खूश व्हावं, असं त्यांना वाटलं असणार. मायला मागे बसवून मी निघालो. गल्लीच्या वळणावर हळूच ब्रेक दाबला तर गाडी गप्प. आवाज आपोआप गेला असं वाटून मी खरंच खूश झालो.

तलावाच्या पाळीवरून रस्ता खाली उतरतो. तिथे एकही ब्रेक लागला नाही. खालच्या पुलाच्या कठड्यावर आम्ही आदळलो. मला खरचटलं. मायचं खुब्याचं हाड मोडलं. भंडाऱ्याला ऑपरेशन झालं, पण ती परत उभी राहिली नाही. दोन वर्षं होत आली, खाटेवरच आहे.

मिस्त्रीने चाक खोललं तेव्हा आतून तेल ओघळलं. मी बोटाला लावून वास घेतला, तर आमच्या घरच्या फोडणीचा. मी काय ते समजलो. नवे शू टाकायला सांगितले आणि घरी म्हटलं, गिट्टीवर गाडी घसरली.

बाबांनी एकच विचारलं, "ब्रेकचा आवाज तं नोहता ना, बाबू?"

"नोहता, बाबा."

त्यांनी मान हलवली. त्या दिवसांत त्यांच्या तोंडावर समाधान दिसलं ते तेवढंच.

यंदा हिवाळ्यात ब्रेक पुन्हा किंचाळायला लागला. पुन्हा मी चालढकल केली; एवढं होऊनही. एका दुपारी अंगणात गाडी लावली, तर बाबा हातात बाटली घेऊन उठलेच. "थांब, बाबू. मांगच्या वेळी म्याच तेल घातलं होतं. कशी गप झाली होती गाडी."

मिस्त्री करून देते, राहू द्या, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. दोन वर्षं मी तोंड शिवून होतो. पण राग माझा माझ्यावरचा, निघाला त्यांच्यावर. बाटली हिसकावली आणि म्हटलं, "ब्रेकले तेल घालते का कोनी? त्याच्यानंच पडलो आमी."

बाबांनी आधी बाटलीकडे पाहिलं. मग दारातून दिसणाऱ्या मायच्या खाटेकडे. तिचा डोळा लागला होता. मला ते शब्द परत गिळता येणार असते तर मी काहीही दिलं असतं.

ब्रेक मी दुसऱ्याच दिवशी करून आणला. तासाभराचंच काम होतं.

मायला यातलं काही माहीत नाही. तिच्या खोलीचं दार हल्ली कुरकुरतं. ती खाटेवरून सांगते, "अजी, दाराले थोडंसं तेल घाला ना." बाबा ओसरीवर बसून राहतात. मग ती मला हळूच म्हणते, "बाबाले दाखव रे कोन्या डाक्टरले. त्यायले आता आयकू येत नाही."