पाच जणांची परात

पडदा वर जातो. सौदीतल्या अल-खोबर शहरात तिसऱ्या मजल्यावरची बैठकीची खोली. संध्याकाळ झाली तरी बाहेर भट्टी पेटलेलीच. सोफ्याच्या टोकाला मंजिरी चौबळ, मांडीवर टॅब, आणि टॅबवर पाच दांडगे मुलगे खांद्याला खांदा लावून वाकलेले. प्रेक्षकांत मी एकटी.

मी माझ्या लेकीकडे राहायला आले आहे, मंजिरीच्या खालच्या मजल्यावर. आयुष्य रंगभूमीवर गेलं, त्यामुळे कुणी मनापासून बोलत असलं की मला उठवत नाही. आणि मंजिरी बोलते. अलिबागहून लग्न करून ती इथे आली ते बावीस वर्षांपूर्वी. बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली त्या वर्षीच तिने परवाना काढला. नवरा उदय जुबैलच्या कारखान्यात, तो आठवड्याच्या शेवटी घरी येतो. तोवर ती गल्लीतल्या मुलांना गणित शिकवते, चिंबोऱ्या मिळवायला मासळी बाजार पालथा घालते आणि मुलाची काळजी करते.

मुलगा सुयश अमेरिकेत कॉलेजात आहे आणि तिथला फुटबॉल खेळतो. आपला नव्हे, तो हेल्मेट घालून धडका देण्याचा. इथल्या शाळेत अमेरिकन पोरांबरोबर शिकला. चेंडू फेकणाऱ्या गड्याला वाचवायला पुढे पाच जणांची भिंत उभी राहते. सुयश त्या भिंतीतला मधला.

"टाळ्या कुणाला, तर फेकणाऱ्याला," मंजिरी म्हणाली. "ह्या पाचांचं नाव फक्त चूक झाली की घेतात."

"आमच्याकडे पडदा ओढणाऱ्याचं तसंच होतं," मी म्हटलं.

मोसम सुरू व्हायला पंधरवडा उरला होता आणि भिंत ढिली होती. जुने तिघे पदवी घेऊन गेले, एकाचा गुडघा गेला. नव्यांचा एकमेकांवर भरवसा बसेना. प्रशिक्षकाने सुयशला सांगितलं होतं, हे असंच राहिलं तर मधली जागा दुसऱ्याला देईन.

"पण का बसत नाही भरवसा?" मंजिरीने त्या दिवशी फोनवर विचारलं.

"दे डोन्ट टॉक टू मी, आई."

"तू बोलतोस का?"

मग तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. सकाळच्या सरावानंतर ही पाच मुलं एका मोठ्या परातीतून कोंबडी खातात. तिथली जुनी रीत आहे. सुयश आपला वाटा बशीत काढून घेतो आणि खिडकीपाशी जाऊन खातो. पोरं त्याला राजेसाहेब म्हणतात.

"मग खा की त्यांच्यात."

"आय कान्ट. घास जात नाही. उष्टं वाटतं."

मंजिरीने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

"मावशी, हे मीच करून ठेवलंय," ती म्हणाली.

समोरच्या दारात हम्मादचं घर. सुयश आणि हम्माद एकत्र वाढले. त्या सौदी घरात भाताचं मोठं ताट मधोमध ठेवतात आणि सगळे भोवती बसून हाताने खातात. मंजिरी मटण खाणारी, तिला त्या मटण-भाताचं वावडं नव्हतं. पण उष्ट्याचं होतं. सुयश त्यांच्याकडे जेवायला निघाला की ती त्याच्या हातात घरची स्टीलची ताटली द्यायची. सहा वर्षांचं पोर ताटली घेऊन दार ओलांडायचं. हम्मादची आई, तिला सगळे उम्म हम्माद म्हणतात, हसून त्यात वेगळा भात वाढायची. कधी एका शब्दाने बोलली नाही.

"मला वाटायचं तिला कळत नाही," मंजिरी म्हणाली.

"तिला पहिल्याच दिवशी कळलं असणार गं."

"माहितीये. टोचू नका."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने माझा हात धरला आणि समोरची बेल वाजवली. बाजारात शिकलेल्या अरबीत तिने काय सांगितलं देव जाणे. उम्म हम्मादने ऐकून घेतलं, मग मंजिरीच्या गालावर हलकी चापट मारली.

"यल्ला," ती म्हणाली, म्हणजे चल, आणि तिने सरकून जागा केली.

ताट मधोमध आलं. वाफाळता भात, वर मटण, कडेला टोमॅटोची चटणी. उम्म हम्मादने आपल्या हाताने हाडावरचं मांस सोडवून मंजिरीच्या पुढ्यात ठेवलं. मंजिरीचा हात ताटावर अधांतरी राहिला. पन्नाशीला टेकलेल्या बाईला पहिला घास कठीण जाताना मी जवळून पाहिला. तिने डोळे मिटले, खाल्लं, आणि दुसऱ्या घासाला उघडे ठेवले.

तिथे अमेरिकेत दुपार होत होती. तिने डाव्या हाताने सुयशला व्हिडिओ लावला आणि फोन माझ्याकडे दिला. पडद्यावर सुयश, घामेजलेला. मागे परातीभोवती चौघांचा कालवा.

"आई? तू हम्मादकडे? तू त्यात खातेयस?"

"मटण छान झालंय. हम्मादच्या आईने सोडवून दिलं."

मागून कुणीतरी त्याला हाक मारली, राजेसाहेब म्हणूनच.

"आई, मला जमेल असं वाटत नाही."

मंजिरीचा हात भातातच होता. तिने तो काढला नाही.

"पहिला घास वाईट लागतो रे," ती म्हणाली. "मलाही लागला. जा, बस त्यांच्यात."