आपलंच नाव विकत घ्यायचं?

तिचं खरं नाव बाजारात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. सगळे तिला रफूताई म्हणायचे. हे नाव ठेवलं तिच्या धाकट्या भावाने. लहानपणी हे कार्टं कुठेही चढायचं, कुठूनही घसरायचं आणि फाटकी चड्डी घेऊन आईच्या आधी हिच्यापुढे हजर व्हायचं. ही ती चड्डी अशी सांधून द्यायची की आईला पत्ता लागायचा नाही. मग हा मित्रांत टेचात सांगायचा, "आमच्याकडे रफूताई आहे!" पुढे तोच तिचा धंदा झाला.

रफू म्हणजे ठिगळ नव्हे, हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी बजावायची. ठिगळ दिसतं. रफूसाठी त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा ओढून काढायचा आणि तो भोकावर आडवा-उभा विणायचा. बाहेरचा धागा कितीही महागाचा आणा, रंग चुकतोच. पण या कामाला उजेड लागतो हो, आणि हिची खोली जिन्याखालची, भरदुपारी दिवा लावावा लागणारी. चाळिशी लागल्यापासून काळ्या कोटावर काळा धागा तिला दिसेनासा झाला होता. असंच चाललं असतं तर दोन-चार वर्षांत सुई खाली ठेवावी लागली असती. म्हणून पोटाला चिमटा घेऊन तिने पैसे साठवले होते आणि समोरच्या इमारतीतली खिडकीवाली खोली हेरून ठेवली होती.

तेवढ्यात ही नावाची भानगड उपटली. हल्ली लांबलांबची माणसं कुरिअरने कपडे पाठवायची आणि विचारायची, "तुमची वेबसाइट नाही का?" धाकटा मोबाइलच्या दुकानात होता, त्यामुळे असल्या बाबतीत घरात त्याचाच शब्द शेवटचा. तिने त्याला वेबसाइटसाठी रफूताई हेच नाव घ्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो तोंड पाडून आला.

"ताई, ते नाव कुणीतरी आधीच घेऊन ठेवलंय. विकायला तयार आहे तो, पण किंमत ऐकून खाली बसशील."

ऐकून ती खाली बसलीच. एरवी असलं नाव चपलांच्या जोडाच्या भावात मिळतं. हा बाबा खिडकीवाल्या खोलीचं अख्खं डिपॉझिट मागत होता.

"माझं नाव जगात दुसऱ्या कुणाला कशाला लागतंय?" ती म्हणाली. "कोण आहे हा मेला?"

"परका माणूस आहे. इंग्रजीतून लिहितो. तू मधे पडू नकोस, मी बोलतो त्याच्याशी."

ती रोज संध्याकाळी समोरच्या खिडकीकडे बघायची आणि मनाशी हिशेब मांडायची. खोली घेतली तर डोळे वाचतील. नाव घेतलं तर गिऱ्हाईक वाढेल, पण या अंधारात बघणार काय, कपाळ? एकदा ती भावाला म्हणाली, "आपण दुसरंच काही घेऊ या की. याच नावाला मागे एखादा शब्द जोडू."

"मग ते ठिगळ होईल, ताई. रफू नाही."

हे मात्र तिला पटलं. आपलं शिकवणं भावाने लक्षात ठेवलं याचं तिला कौतुकच वाटलं, वेडीला! खोलीच्या मालकाला तिने थांबायला सांगितलं आणि पैसे भावाच्या हातात द्यायचे ठरवले.

त्याआधी कार्डं छापायला टाकावीत म्हणून ती छापखान्यात गेली. छापखानेवाला खवट म्हातारा होता. वेबसाइटचा पत्ता स्वतः तपासल्याशिवाय तो छापायचाच नाही, कारण चुकीच्या पत्त्याची गठ्ठाभर कार्डं एकदा त्याच्याच गळ्यात पडली होती. त्याने कॉम्प्युटरवर बघितलं.

"ताई, हे अजून तुमचं नाही. मालकाचं नाव झाकलेलं आहे. पण घेतल्याची तारीख दिसते." आणि त्याने दोन वर्षांपूर्वीची एक तारीख वाचून दाखवली.

ती तारीख ती विसरणं शक्यच नव्हतं. त्या दिवशी वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. हॉस्पिटलच्या बाकावर भाऊबहीण खेटून बसले होते आणि वेळ जावा म्हणून तिने त्याला मनातलं सांगितलं होतं, की कधीतरी रफूताई या नावाने वेबसाइट काढायची. दुसऱ्या कुणापाशी ती बोलली नव्हती. तो म्हणाला होता, "होईल गं, घाई काय आहे?" मग बराच वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. तिला वाटलं होतं, वडिलांची खुशाली कळवतोय नातेवाइकांना.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! पण हसू येईना. परक्याने फसवलं असतं तर तिने त्याला शिव्या घालून मन मोकळं केलं असतं. इथे कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

तरी वाटेत तिने त्याच्यासाठी सबबी शोधल्या. माझ्यासाठीच राखून ठेवलं असेल. सांगायचं राहिलं असेल. त्याच्या पोरांच्या फीला नड असेल, मागायला जीभ रेटली नसेल. संध्याकाळी पैसे न्यायला तो आला, तेव्हा तिने त्याला खुर्ची दिली.

"त्या माणसाने नाव कधी घेतलं असेल रे?"

"मला काय ठाऊक? अलीकडेच असेल."

"तू ओळखत नाहीस ना त्याला?"

"आईशपथ, तोंडसुद्धा पाहिलेलं नाही."

आईला मधे आणायला नको होतं. तिने हातातली सुई सुयांच्या गादीत खोचली.

"मग त्या नावाच्या मालकाला माझा एक निरोप दे," ती म्हणाली. "म्हणावं, तुझ्या ताईला ते नाव नको."

त्याने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. ती दुसरा कपडा उचलून दिव्याशी धरून बसली होती. तो गेला तेव्हा ती दार लावायलाही उठली नाही.

महिन्याभरात ती खिडकीवाल्या खोलीत गेली. पाटी रंगवणारा शिडीवर चढून 'रफू' लिहून झाल्यावर पुढचं अक्षर काढायला लागला, तशी ती खालून म्हणाली, "बस, एवढंच."

"अहो, आणि ताई?" त्याने विचारलं. "सगळे रफूताईच म्हणतात ना तुम्हाला?"

"म्हणू देत. पाटीवर नको," ती म्हणाली, आणि खिडकीशी जाऊन कामाला बसली.