मुठीत न मावणारं पिस्तूल

लोरीन टॅकेटचे हात लहान होते. बाकी अंगानं बाई दणकट, कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं एका दमात उचलून गाडीत टाकणारी. पण हात शाळकरी पोरीचे वाटावेत तसे. हातमोजे घ्यायला गेली की दुकानदार मुलांच्या फळीकडे बोट दाखवायचा. तिला त्याचं कधी काही वाटलं नाही. त्याच हातांनी ती लहानपणापासून बापाबरोबर रानात खारी मारत आली होती. तिनं मारलेल्या खारीचं मांस कधी वाया गेलं नाही. डोक्यात एक गोळी, बस. बाप शेजाऱ्यांना हाका मारून दाखवायचा.

त्यामुळे तिनं टर्नी काउंटीच्या शेरीफकडे, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाकडे, डेप्युटीच्या, म्हणजे त्याच्या हाताखालच्या पोलिसाच्या जागेसाठी नाव दिलं, तेव्हा आपण नेमबाजीत अडकू असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. गस्तीवर जाणारी बाई त्या काउंटीत तोवर झाली नव्हती. लोरीननं धावणं पार पाडलं, कायद्याचा पेपर पार पाडला, आणि मग तिची गाठ व्हर्लिन स्ट्राउडशी पडली.

व्हर्लिन डेप्युटींना पिस्तूल शिकवायचा. लहानथोर सगळे त्याला मास्तर म्हणत. गावाबाहेर चुनखडीची एक बंद पडलेली खाण होती, तिथे त्याची चांदमारी, आणि तिथला राजा तोच. अस्वलाच्या पंजासारखे हात. खात्याचं पिस्तूलही त्यानंच निवडलेलं: सगळं पोलादी, जड, आणि मूठ अशी जाड की त्याच्या पंजातच ते शोभावं. पहिल्या गोळीला चाप लांबवर ओढावा लागे. लोरीनच्या बोटाचं जेमतेम टोक चापाला टेकायचं. बोट पोचावं म्हणून ती मूठ हातात जरा फिरवून धरी; मग चाप ओढताना पिस्तूल डावीकडे झुके आणि गोळ्या कागदी माणसाच्या खांद्याबाहेर जात.

"मास्तर, मूठ मला मोठी होते," ती म्हणाली.

"मूठ मोठी नाही, बाहुले. तू लहान आहेस. चोर काय तुझं माप घेऊन येणार आहे?"

बाकीचे हसले. दुसऱ्या खेपेलाही ती नापास झाली. तिसऱ्या खेपेला व्हर्लिन येताना नातीचं गुलाबी पाण्याचं पिस्तूल घेऊन आला. लोरीनच्या गोळ्या मोजून झाल्यावर त्यानं सगळ्यांसमोर तिच्या कमरेच्या म्यानातलं पोलादी पिस्तूल काढून घेतलं आणि ते गुलाबी पिस्तूल तिथे खोचलं. "घे. हे बसतंय बघ मापात." त्यात पाणीही भरलेलं होतं. ते तिच्या खाकी पँटवरून ओघळायला लागलं, आणि माणसं पोट धरधरून हसली. लोरीन तशीच ओल्या पँटीनं गाडीपर्यंत चालत गेली.

तेव्हाचा शेरीफ तसा बरा माणूस होता. तुरुंगाच्या स्वयंपाकघरात जागा आहे म्हणाला. लोरीनचा नवरा रॉय कोंबड्यांच्या कारखान्यात पाठ मोडून घरी बसलेला. तिनं एप्रन बांधला.

वर्षं गेली. कैद्यांना आणि डेप्युटींना ती एकाच भांड्यातलं वाढायची: सकाळी पावासारखी जाड बिस्किटं आणि दाट पांढरी ग्रेव्ही, दुपारी घेवडा आणि मक्याचा पाव. व्हर्लिन रोज दुपारी जेवायला यायचा आणि रोज काहीतरी बोलून जायचा.

"बाहुले, तुझी बिस्किटं मला दे. गोळ्या संपल्या की उपयोगी पडतील."

ती हसायची. न हसून करते काय? पण दोनेक वर्षांपूर्वी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. मास्तर कॉफीचा कप आता दोन्ही हातांनी उचलायचा, तरी थोडी कॉफी बशीत सांडायचीच. तेव्हापासून ती त्याचा कप अर्धाच भरायला लागली. का, ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तोही कधी काही बोलला नाही. अर्धा कप प्यायचा आणि पुन्हा अर्धा मागायचा.

मग शेरीफ बदलला. ऑल्सप नावाचा नवा, तरणा माणूस निवडून आला. जुनी पिस्तुलं झिजली होती. त्याला हलकी, नव्या धर्तीची हवी होती, ज्यांचा सांगाडा टणक प्लास्टिकचा असतो आणि फक्त नळी नि वरचा सरकता भाग पोलादी. विक्रेत्यानं पारखायला काही नमुने दिले. पारखायचं काम अर्थातच मास्तरचं. पण ऑल्सपनं एक अट घातली. या पिस्तुलाच्या मुठीचा मागचा तुकडा बदलता यायचा, जाड, मध्यम आणि बारीक. तेव्हा मोठा, मध्यम आणि लहान, तिन्ही हातांनी ते चालवून बघायचं.

"लहान हात आणायचा कुठून? सगळे रेडेच भरलेत आपल्याकडे," बो हेंशॉ म्हणाला. हा बो म्हणजे धिप्पाड, तोंडाळ डेप्युटी.

"स्वयंपाकघरातल्या टॅकेटबाई," ऑल्सप म्हणाला. "त्यांना विचारा."

लोरीन आली ती एप्रनवर कोट चढवूनच. फेब्रुवारीची सकाळ, खाणीत थंडी साचलेली. व्हर्लिननं तिच्याकडे बघितलं आणि जमिनीवर थुंकला.

"घ्या. आता स्वयंपाकीण पिस्तुलं पास करणार. उद्या माझ्याकडून रस्सा चाखून घ्या."

आधी अचूकपणा बघायचा होता. व्हर्लिन टेबलाशी बसला, वाळूच्या पिशव्यांवर हात टेकवले आणि सावकाश गोळ्या झाडल्या. कागद आणला तर सगळी भोकं एका काकडीच्या चकतीत मावतील इतकी जवळ. जुन्या पोलादी पिस्तुलाला हे कधी जमलं नव्हतं.

"चांगलंय की, मास्तर," ऑल्सप म्हणाला.

"पिशवीवर ठेवून माझी सासूसुद्धा मारेल. आणि ती आंधळी आहे."

मग उभं राहून झाडायच्या गोळ्या. व्हर्लिननं पिस्तूल उचललं, एक गोळी झाडली, दुसरी झाडली, आणि पिस्तूल अडकलं. रिकामं काडतूस बाहेर उडायच्या ऐवजी वरच्या खिडकीतच उभं राहिलं होतं. त्यानं ते झटकून काढलं. पुन्हा दोन गोळ्या, पुन्हा तेच. मॅगझिन बदललं, गोळ्या बदलल्या, शेवटी पिस्तूलच दुसरं घेतलं. तेही अडकलं.

"बघितलंत? प्लास्टिक ते प्लास्टिक. खेळणं आहे हे. याच्या भरवशावर पोरांना रस्त्यावर पाठवायचं?"

"बो, तू बघ," ऑल्सप म्हणाला.

बोनं तेच पिस्तूल घेतलं आणि सगळं मॅगझिन रिकामं केलं. एकदाही अडकलं नाही. डाव्या हातानं चालवलं, हातमोजे घालून चालवलं, पाण्यात बुडवलेल्या हातानं चालवलं. कुठेच अडकलं नाही.  कारण सगळ्यांना ठाऊक होतं. असल्या हलक्या पिस्तुलाला मागून घट्ट मनगटाचा आधार लागतो. मनगट ढिलं असलं की धक्क्यासरशी सगळं पिस्तूलच मागे येतं, वरचा भाग पुरता सरकत नाही आणि काडतूस अडकतं. जुन्या पिस्तुलाच्या वजनात मास्तरचं दुखणं झाकलं जायचं. इथे झाकायला वजनच नव्हतं.

"आता टॅकेटबाई," ऑल्सप म्हणाला.

बोनं मुठीचा बारीक तुकडा बसवून पिस्तूल तिच्या हातात दिलं. लोरीननं मूठ धरली आणि क्षणभर तशीच उभी राहिली. मूठ हातात बसली होती. काही फिरवावं लागलं नाही. बोटाची मऊ पेर चापावर आपसूक टेकली. तिनं श्वास सोडला आणि झाडायला लागली. मग कमरेला म्यान बांधून त्यातून पिस्तूल काढणं तिला जरा जड गेलं, इतक्या वर्षांत सवय मोडली होती. पण गोळ्या कागदी माणसाच्या छातीत जात होत्या, एकीला लागून एक.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आला तो संताप. बोटभर जाडीचा एक तुकडा. एवढ्याशा प्लास्टिकसाठी आपण इतकी वर्षं घेवडा निवडत बसलो.

"नशीब आहे बाईचं," व्हर्लिन म्हणाला. "शेरीफ, मी हे पिस्तूल नापास करतोय. माझ्या हातात अडकलं, उद्या कुणाच्याही हातात अडकेल."

ऑल्सपनं सगळ्यांकडे बघितलं. "कुणाला काही सांगायचंय? बोच्या हातात अडकलं नाही, बाईंच्या हातात अडकलं नाही. मग मास्तरांच्याच हातात का अडकतंय?"

बो बूट न्याहाळायला लागला. दुसरा एक जण आभाळाकडे बघत होता.

"पिस्तुलात काही खोट नाही, साहेब," लोरीन म्हणाली. "मास्तरांच्या मनगटात दम राहिला नाही."

"तोंड सांभाळ, बाहुले."

"दोन वर्षं झाली. कप दोन हातांनी धरतात, तरी सांडतात. मी अर्धाच भरून देते, कुणाला दिसू नये म्हणून. विचारा त्यांना."

व्हर्लिनचा चेहरा आधी लाल झाला, मग पिठासारखा पांढरा. तिनं नुसतं त्याचं दुखणं उघडं केलं नव्हतं. कोणीतरी आपल्यावर दया करत होतं, हे सगळ्यांपुढे आलं होतं, आणि ती दया बाहुलीची होती. त्यानं टेबलावरचं पिस्तूल एका हातात घेतलं, हात सरळ केला आणि झाडलं. पहिल्याच गोळीला अडकलं. ते मोकळं करायला वरचा भाग मागे ओढायला हवा. त्यानं ओढला, बोटं निसटली. पुन्हा ओढला. पिस्तूल पट्ट्याला टेकवून रेटलं, मांडीला घासून रेटलं. बोटं त्या गार पोलादावरून घसरत होती. नाकातून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

बो हेंशॉला बघवेना. तो पुढे झाला. "द्या इकडे, मास्तर."

"थांब," लोरीन म्हणाली. "त्यांनाच करू दे. परीक्षा आहे ना?"

बो थांबला. सगळेच थांबले. म्हातारा पिस्तुलाशी झटत राहिला आणि माणसं गोल करून बघत राहिली. शेवटी त्यानं ते तसंच, अडकलेलं, टेबलावर ठेवलं. ठेवताना नळी आपल्या माणसांकडे होणार नाही याची काळजी घेतली. तेवढी शिस्त अजून शाबूत होती. कोणीतरी फिसकन हसलं. तो बोच होता. मग दोघंतिघं हसले. व्हर्लिन कुणाकडे न बघता गाडीकडे गेला. किल्ली लागायला बराच वेळ लागला, तेही सगळ्यांनी बघितलं.

त्याच महिन्यात तो निवृत्त झाला. निरोपाचा केक करायचं काम लोरीनच्या गळ्यात पडलं, तिनं केला. मास्तर फिरकला नाही. केक कैद्यांना वाटला.

नवी पिस्तुलं आली, डेप्युटींच्या कमरेला लागली. लोरीननं आठवडाभर धीर धरला आणि मग ऑल्सपच्या खोलीत गेली.

"साहेब, तुम्ही बघितलंत मी कशी मारते ते. माझं नाव पुन्हा घ्या. धावायची परीक्षा आजही देईन."

ऑल्सपनं तिला बसायला सांगितलं. "नेम चांगला आहे तुमचा. त्याबद्दल वाद नाही."

"मग वयाचं काही आहे का?"

"वयाचं बघता आलं असतं." तो पेनशी चाळा करत होता. "बाई, खरं सांगू? त्या दिवशी तो म्हातारा हतबल झाला होता. एक माणूस मदतीला निघाला, तर तुम्ही त्याला अडवलंत. गस्तीवरच्या डेप्युटीच्या हातात रोज कुणीतरी हतबल माणूस सापडतो. तुमच्यासारखीला पिस्तूल देऊन मी रस्त्यावर सोडणार नाही."

"बो हसला होता, साहेब. त्याच्या कमरेला पिस्तूल आहे."

"बो मूर्ख आहे. मूर्खाला चार गोष्टी शिकवता येतात."

"आणि मास्तरांनी मला ओल्या पँटीनं चालवलं होतं, तेव्हा कोण कुणाच्या मदतीला निघालं होतं?"

"ते माझ्या आधीचं," ऑल्सप म्हणाला. "दुपारचं जेवण जरा लवकर लावा आज. न्यायाधीश येणार आहेत."

तिनं लवकर लावलं.

मक्याची कणसं निघायच्या दिवसांत व्हर्लिनची बायको ओपल स्वयंपाकघराच्या मागच्या दारात येऊन उभी राहिली. बाई कधी कुणाच्या अध्यातमध्यात नसायची. हातातली पिशवी नुसती चुरगाळत होती.

"लोरीन, तो घराबाहेर पडत नाही गं. बंदुका सगळ्या विकून टाकल्या. माझ्या हातचं गोड लागत नाही त्याला. तुझा घेवडा आठवतो म्हणतो. म्हटलं, दुपारी इथे येऊन बसला, चार माणसांत जेवला तर... त्याला तुला विचारायची लाज वाटते."

लोरीननं पीठ मळायचं थांबवलं नाही. "इथलं जेवण फक्त कैद्यांना आणि नोकरीवरच्या माणसांना, ओपलताई. नियम आहे."

ते खरं होतं. नियम होता. ओपल मान हलवत म्हणाली, "हो गं, नियम असणारच." आणि गेली.

संध्याकाळी घरी तिनं रॉयला सांगितलं. तो पाठीमागे उशी लावून बसला होता. उशी नीट करत म्हणाला, "एक ताट वाढलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"काही बिघडलं नसतं," लोरीन म्हणाली, आणि त्याचं ताट वाढायला उठली.