मे महिना वजा करून

“जे नाय ते नाय, ताई,” असं म्हणत सरांनी खिशातलं लाल पेन काढलं, की माझं डोकं सटकायचं. मी टाइप केलेल्या करकरीत पानावर ते रेघ मारायचे आणि शेजारी बारीक सही करायचे.

पेणच्या एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. सर जवळच्याच जिते गावचे. कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, पण तासिकेवर. म्हणजे कॉलेज सुरू झालं की नेमणुकीची ऑर्डर निघणार, दिवाळीत तुटणार, एप्रिलअखेर संपणार. अशी नऊ वर्षं! तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा मास्तर.

त्यांचा विषय कंडेन्स्ड मॅटर. म्हणजे काय, असं मी एकदा विचारून बसले. सरांनी माझ्या डब्यातल्या मिठाच्या पुडीतून एक खडा काढला. “हा चौकोनीच का, ते शोधायचं. बाबांनी मिठागरावर जन्म काढला, त्यांना नाय पडला हा प्रश्न. मला पडला.” मागे चार गिऱ्हाइकं ताटकळत होती.

मग विद्यापीठात त्याच विषयाची जागा निघाली. एकच, आणि कित्येक वर्षांनी. ही गेली तर पुन्हा कुठली, हे सरांनाही ठाऊक होतं. अर्जाच्या कागदांचे सात संच करायचे होते. शोधनिबंधावर नाव तिसरं असेल, तर “माझं काम थोडंच” म्हणून सर तो निबंध यादीत तळाला टाकणार. मी कपाळावर हात मारून घ्यायची.

अनुभवाला वर्षागणिक गुण होते. मी नऊ वर्षं लिहिलं. सरांनी सगळे मे महिने, दिवाळीची महिना-महिना सुट्टी वजा केली आणि सातही संचांत रेघ मारून लिहिलं, सात वर्षं सहा महिने.

“अहो सर, कॉलेजचं पत्र नऊ वर्षांचं आहे! कोण मोजायला बसलंय?”

“मी बसलोय ना. ऑर्डर नव्हती तेव्हा.”

मुलाखतीच्या यादीत सरांचं नाव नव्हतं. दोन गुण कमी पडले. मी त्यांना तोंडावर वेडे म्हटलं. ते हसले. “व्हय, आमची बायकोपण तेच बोलते.” त्यानंतर ते दुकानात आले नाहीत.

जूनमध्ये जवळच्या जोहे गावची एक मुलगी एमएस्सीचा अर्ज भरायला आली. सरांचीच विद्यार्थिनी निघाली. मी लगेच सरांच्या नावाने तणतणायला लागले, तर ती म्हणाली, “पण काकी, सर तर मे महिन्यात रोज यायचे. लॅब उघडून आमची प्रॅक्टिकलं घ्यायचे. दिवाळीतपण.”

“कुठल्या वर्षी?”

“सगळ्याच. माझी मोठी बहीण तशीच शिकली.”

मी तिच्यासमोरच फोन लावला. “सर, शिकवत होतात ना? मग लिहायचं नाही?”

“ऑर्डर नव्हती ना, ताई.” मागे यंत्राची घरघर चालली होती. सर रोह्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये लागले होते. “शिफ्ट सुरू हाय, ठेवतो.”

मला रागाने रडूच आलं. ती पोरगी घाबरून बघत राहिली.

सरांच्या त्या अर्जाचं एक पान तेव्हा जास्तीचं छापलं गेलं होतं, ते ड्रॉवरमध्ये तसंच आहे. त्यावर लाल रेघ नाही. नऊ वर्षं, एवढंच आहे. आणि मेलं तेच खरं होतं.