काकांचा खंदक

आपल्या गावाकडे इतका वेळ टक लावून बघणारा आणि इतकी वर्षं तिथे पाऊलही न टाकलेला दुसरा माणूस अख्ख्या अमेरिकेत सापडणार नाही. आमच्या चँडलरच्या घरामागच्या गल्लीतले हे काका चिप बनवणाऱ्या कंपनीतून रिटायर झाले आणि तेव्हापासून मराठवाड्यातल्या आपल्या वडिलोपार्जित शेतावर सॅटेलाइटच्या फोटोंतून नजर ठेवून बसले. त्या शेतात म्हणे बहामनी काळात भुईकोट होता, चारी बाजूंनी खंदक असलेला. कोटाची पांढरी माती गावाने माळवदांवर टाकायला नेली, दगड विहिरींना गेले, खंदक बुजला आणि वरून नांगर फिरला. उरला तो इंग्रजांच्या काळातल्या एका नकाशावरचा ठिपक्यांचा चौकोन. त्या नकाशाची प्रिंट काकांच्या डायनिंग टेबलावर काचेखाली आहे. जेवायला गेलं की आपलं ताट नेमकं खंदकावर येतं, आणि आमटी सांडली तर मध्ये काच असूनही काकांचा जीव खालीवर होतो.

बुजलेला खंदक ओल धरून ठेवतो, रान कोरडं पडलं की त्याच्यावरचं पीक तेवढं हिरवं राहतं आणि वरून रेघ दिसते, असं त्यांचं म्हणणं. त्यापायी त्यांना कुठलीही हिरवळ स्वस्थपणे बघवत नाही. एका ओळखीच्यांच्या वास्तुशांतीला सगळे प्रसाद घेत होते, तेव्हा हे बॅकयार्डमध्ये कमरेवर हात ठेवून उभे. "इथे स्विमिंग पूल बुजवलाय," त्यांनी यजमानांना सांगितलं. "नाही हो काका, आम्ही नीट इन्स्पेक्शन केलंय." काकांनी शांतपणे फोनवर जुना फोटो काढून निळाशार पूल दाखवला. त्या घरून त्यांना पुन्हा बोलावणं आलं नाही. "मॉम, डोन्ट लेट हिम सी अवर लॉन," असं माझ्या मुलीने मला तेव्हाच बजावलं.

अडचण एकच होती. शेत त्यांचे मोठे भाऊ कसत होते, आणि पाण्याच्या बाबतीत त्यांचा हात सढळ होता. त्यामुळे दरवर्षीच्या फोटोत सगळं रान एकसारखं हिरवंगार. दर रविवारी सकाळी काका फोन लावत.

"दादा, एक हंगाम त्या तुकड्याला पाणी देऊ नकोस."

"तुला वरून रेघ दिसावी म्हणून मी खाली ज्वारी वाळवू का? तूच ये की. दोघं मिळून खणून बघू."

"येतो. या डिसेंबरला नक्की."

डिसेंबरात कधी गुडघ्याचं ऑपरेशन निघे, कधी नातवाचा वाढदिवस, आणि तिकीट कॅन्सल होई. अकरा वर्षं हे असंच चाललं. "काका, विमान सॅटेलाइटपेक्षा बरंच खालून जातं, जास्त स्पष्ट दिसेल," असं मी चिडवायची. ते हसायचे आणि पुढचा फोटो उघडायचे.

मागच्या ऑक्टोबरात पेरणी झाली आणि पंधरवड्यात दादा गेले. "पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार," काका म्हणाले, आणि गेले नाहीत. मला त्यांचा राग आला. पण समोर बसून चहा पिताना तो टिकला नाही, कारण माझे वडील गेले तेव्हा मीही अगदी हेच म्हटलं होतं. दादांची मुलं पुण्याला नोकरीत. शेताला पाणी द्यायला गावात कोणी उरलं नव्हतं.

फेब्रुवारीचा फोटो आला तेव्हा काकांनी मला बोलावून घेतलं. पिवळ्या पडलेल्या रानात हिरवा चौकोन उमटला होता, चारी कोपरे रेखीव, पूर्वेला दरवाजापुरती फट. इतक्या वर्षांनी खंदक सापडला होता. मी अभिनंदन करायला तोंड उघडलं.

"दादाने पाणी दिलं नाही गं," ते म्हणाले आणि रडायला लागले.

आता ते त्या फोटोकडे फिरकत नाहीत. जुने, हिरवेगार फोटो एकेक करून पुन्हा उघडतात आणि मोठे करत बसतात. परवा मी गेले तेव्हा विहिरीशेजारच्या एका काळपट ठिपक्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"हा दादा असेल का?"

इतक्या उंचीवरून माणूस दिसत नाही, हे त्यांनीच मला कितीदा समजावून सांगितलंय. मी चष्मा लावला, वाकून नीट बघितलं.

"तेच असतील काका," मी म्हटलं. "पाणी देतायत."