मेंदूतला सात रस्ता

आमच्या मानसशास्त्राच्या वर्गात एक मावशी होत्या. लेकीचं लग्न करून दिल्यावर त्यांनी स्वतःचं नाव बीएला घातलं. होटगीहून यायच्या, माझ्या बाकावर बसायच्या आणि अख्खा मेंदू सोलापुरात आणून ठेवायच्या. "थॅलॅमस म्हंजी आपला सात रस्ता चौक की गं! डोळ्याचं, कानाचं, समदं तितनंच वळतंय." भीतीचं केंद्र असलेला अमिग्डाला त्यांनी जाऊबाईंना देऊन टाकला होता, कारण "ती पाल दिसायच्या आधीच किंचाळती!" नवरा चिडला तर भांडायच्या नाहीत. "ताणाचं कॉर्टिसॉल चढलंय, उतरू दे," म्हणायच्या. वर्गात जो मानसिक विकार शिकवला जाई, तो त्यांना त्याच संध्याकाळी व्हायचा आणि पुढचा धडा सुरू झाला की बरा व्हायचा.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी दाराबाहेर वही चाळत उभी होते. काही म्हणता काही आठवेना. मावशींनी पिशवीतून शेंगा चटणीची पुडी काढून थेट माझ्या नाकाखाली धरली. "घे वास! वास तेवढा सात रस्त्याला न जाता आत घुसतोय. शिकवलंय की सरांनी!"

मला ठसका लागला, मग हसू फुटलं, आणि तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

"थॅलॅमस म्हणजे काय?" परीक्षकांनी विचारलं.

"सात रस्ता," मी बोलून गेले आणि जीभ चावली.

दारातून मावशी पुडी घेऊन डोकावत होत्या. परीक्षकांनी तिकडे नाक वळवलं. "आणि हा लसणीचा वास?"

"तो चौक टाळून आलाय, सर."

"मग बाहेरच्या त्या बाईंना पाठवा आत," ते म्हणाले. "पुडीसकट."